रविवारचा पाना

गाडीची तेलाची नळी मीच तोडली, आणि तीही गाडी दुरुस्त करत असल्याचं नाटक करताना तोडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला चुकून माझ्याबद्दल आदर वाटायला नको.

माझं नाव सुशील गजभिये. वय सत्तावन्न. रायपुरात चौबे कॉलोनीत राहतो आणि रेल्वेच्या ऑफिसात लोकांच्या रजा, बढत्या, पेन्शन यांच्या फायली पाहतो. फायलीच्या भोकातून टॅग ओवणं हे माझ्या हातांनी आजवर केलेलं सर्वांत अवघड काम. घरात बल्ब बदलायचा झाला तर नीलिमा, म्हणजे माझी बायको, मला स्टूल धरायला उभं करते आणि वर स्वतः चढते. आणि तरीही आमच्या फाटकाच्या आत उभ्या असलेल्या १९६८ सालच्या अँबेसिडरची सगळी दुरुस्ती मी एकटा करतो, असं माझे वडील बारा वर्षांपासून धरून चालले होते. कारण मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

वडील म्हणजे लहानू गजभिये, रेल्वेच्या शेडमधले निवृत्त फिटर. आज पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. हात अजून धड आहेत, कान तर माझ्यापेक्षा चांगले, पण डोळे काचबिंदूने नेले. उजेड कळतो, समोर कोणी आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखतात.

ही गाडी मुळात एका साहेबाची. साहेब दर रविवारी शेडमधून बाबांना बंगल्यावर बोलावून घ्यायचे आणि बाबा दिवसभर या गाडीखाली पडून असायचे. चहा मिळायचा, तो अंगणात, वेगळ्या कपात. गाडीत बसायला कोणी कधी सांगितलं नाही. साहेब गेले, गाडी दोन-तीन हातांतून फिरली, आणि बाबा निवृत्त झाले त्या साली गुढ़ियारीतल्या एका गोदामामागे त्यांना ती दिसली. आत कोंबड्या राहत होत्या. बाबांनी कोंबड्यांना बाहेर काढलं, गाडी घरी ओढून आणली आणि आठ महिने खपून चालती केली. पुढच्या चौदा एप्रिलला तिच्या टपावर बाबासाहेबांचा फोटो बांधला, मागच्या सीटवर माझी आई, कमला, पांढरं लुगडं नेसून बसली, आणि गुढ़ियारीच्या आमच्या जुन्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहारात गाडी वाजतगाजत गेली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे लहानूभाऊची गाडी. आई आता नाही, गाडी आहे.

बारा वर्षांपूर्वी डोळे फारच गेले तेव्हा बाबा एका संध्याकाळी म्हणाले, "सुशील, गाडी विकून टाक. आता कोण पाहीन तिले?"

तेव्हा मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मला कुठून अवदसा आठवली कोणास ठाऊक. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काहून विकायची? मी पाहीन ना. दर रविवारी मी स्वतः करीन. तुमचाच पोरगा आहे मी."

बाबांनी फाटकाकडे तोंड फिरवलं.  मी समजलो, म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. माझाही आला. मी स्वतःवरच इतका खूश झालो की पहिल्या रविवारी खरोखरच बॉनेट उघडून उभा राहिलो, दहा मिनिटं आत पाहिलं, आणि बॉनेट बंद केलं. आत फार गर्दी होती.

मग मी शालिग्रामला गाठलं. शालिग्रामचं गॅरेज गुढ़ियारीत आहे आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत रायपुरात त्याचा हात धरणारं कोणी नाही. महिन्यातून एकदा 'पेट्रोल भरून आणतो' असं बाबांना सांगून मी गाडी त्याच्याकडे न्यायचो. तो काम करायचा, मी बाकावर बसून समोसा खायचो. दोन तासांनी परत. पेट्रोल भरायला दोन तास लागतात का, हे बाबांनी कधी विचारलं नाही. मीच न विचारता सांगायचो की लाईन फार होती.

आणि रविवारचं नाटक चालूच होतं. सकाळी नऊला बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. मी त्यांच्या जुन्या पेटीतला चौदा-पंधराचा पाना घ्यायचो, गाडीखाली सतरंजी टाकून पडायचो आणि मोबाईल पाहायचो. मधून मधून पान्याने कशावर तरी टकटक करायचो, म्हणजे ओसरीवर आवाज जावा. कधी "च्च, अडकला वाटते" असं मोठ्याने म्हणायचो. उठताना बोटांना थोडं वंगण फासून घ्यायचो, कारण वासाने बाबांना पटायला पाहिजे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. नीलिमा म्हणायची, "ऑफिसात इतकी मेहनत केली असती तं आज अफसर झाले असते." माझी मुलगी भावना कॉलेजात आहे, तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. ती म्हणायची, "पापा, आपको तो नाटक में जाना चाहिए था."

यंदा तेरा एप्रिल रविवारीच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी गुढ़ियारीत हवी होती. शालिग्रामने आठवड्यापूर्वीच सगळं पाहून दिलं होतं, त्यामुळे मी निवांत होतो. ऊन इतकं होतं की गाडीखालची फरशीही तापलेली, म्हणून मी नाटकाची जागा बदलली. पुढच्या लांब सीटवर आडवा झालो, डोकं डॅशबोर्डखाली घातलं, एका हातात मोबाईल धरला आणि दुसऱ्या हाताने जे काही लागेल त्यावर पान्याने टकटक करू लागलो. व्हिडिओ रंगात आला तसा माझा हातही रंगात आला.

या गाडीत तेलाचा दाब दाखवणारा एक काटा आहे. इंजिनातून केळीच्या सोपटाच्या दोऱ्याएवढी बारीक तांब्याची नळी निघते आणि डॅशबोर्डवरच्या त्या काट्याच्या घड्याळाच्या पाठीत येऊन बसते. तेल नळीतून वर चढतं आणि काट्याला ढकलतं. बाबांच्या लेखी अख्ख्या गाडीत तेवढी एकच गोष्ट महत्त्वाची. ते स्वतः गाडी फारशी चालवत नसत. बाजूला बसून काटा पाहत असत. डोळे गेल्यावर मला विचारत, दर दोन चौकांनी.

"सुशील," ओसरीवरून आवाज आला, "चालू करून पाह्य बरं. काटा किती दाखवते?"

मी उठून बसलो, चावी फिरवली. काटा शून्यावर. मी घड्याळाच्या काचेवर टिचकी मारली, जशी ऑफिसात पंखा बंद पडला की रेग्युलेटरवर मारतो. तेवढ्यात माझे पाय गार झाले. खाली पाहिलं तर पांढऱ्या पायजम्यावर काळी पिचकारी चालली होती.

मी किंचाळलो असं भावना सांगते. मला तसं आठवत नाही.

"बंद कर! बंद कर आधी!" बाबा खुर्चीतून उठले होते. मी चावी फिरवली. ते नाकाने हवा घेत म्हणाले, "तेल आहे. आतून येऊन राहिलं न? घड्याळामागून? नळी गेली मंग. तांबं जुनं झालं की कडक होते, धक्क्यानं तडकते. घाबरू नको. दुसरी टाक. तुह्यासाठी एका घंट्याचं काम आहे."

तुह्यासाठी.  उद्या मिरवणुकीत गाडी नसेल तर चार लोक हळहळतील आणि फोटो दुसऱ्या गाडीवर चढेल, त्याचं एवढं काही नव्हतं. पण आंधळ्या म्हाताऱ्याला बारा वर्षं फसवलं, आणि फसवलं कशासाठी, तर त्यांच्या तोंडून 'माझ्या हातचं काम पोरात उतरलं' एवढं ऐकायला मिळावं म्हणून, हे आता उघडं पडणार होतं. तसं ते कधी म्हणालेही नव्हते. मी वाट पाहत होतो.

मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली, नळ सोडला आणि शालिग्रामला फोन लावला. मागून बँडचा आवाज येत होता.

"साहब, मैं तो गाँव आए हौं," तो ओरडला. "भाँजी के बिहाव हे. मंगल के आहूँ."

भाचीचं लग्न होतं, मंगळवारशिवाय तो येणार नव्हता. मी दबक्या आवाजात परिस्थिती सांगितली. तो आधी हसला. मग म्हणाला, "कुछु नइ हे साहब. फ्रीज वाले के यहाँ तांबे का पाइप मिल जाएगा. पुराने वाले के बराबर काट लो, मुँह फैला दो, कस दो. बच्चा भी कर लेगा."

मी हे सर्व साबणाच्या खोक्यावर लिहून घेतलं. एक, पाइप आणणे. दोन, कापणे. तीन, मुख फैलावणे. चार, कसणे. ऑफिसात अशा चार मुद्द्यांवर मी पाच पानांची टिप्पणी लिहू शकतो. खाली सही करायचीच काय ती बाकी होती.

तुटकी नळी दोन्ही टोकांच्या नटांसकट कशीबशी सोडवली आणि स्कूटरवरून शंकर नगर गाठलं. फ्रीज दुरुस्तीचं दुकान अर्धं शटर खाली करून बसलं होतं. दुकानदाराने माझा तेलाने माखलेला पायजमा पाहून विचारलं, "मिस्त्री हो?" बारा वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला ते म्हटलं होतं. मी "हव" म्हणालो आणि लगेच पकडलो गेलो, कारण त्याने पुढे नळीचं माप विचारलं. मी मुकाट्याने पिशवीतून तुटकी नळी काढून दिली. त्याने वेटोळ्यातून तेवढ्याच जाडीची नळी कापली, वर हातभर जास्त ठेवली. "बिगड़ भी तो सकता है," तो माझ्याकडे पाहत म्हणाला. माणसं ओळखणारा होता.

घरी येऊन मी मागच्या अंगणात ठाण मांडलं, ओसरीपासून शक्य तितकं दूर. बाबांच्या पेटीतून करवत, हातोडी आणि नळीचं तोंड फुलवायचा निमुळता पंच काढला. जुन्या नळीच्या दोन टोकांना दोन पितळी नट होते, ते नळी कापून सोडवले आणि बाजूला वाटीत ठेवले. अशा कामात वस्तू हरवू नये म्हणून वाटीत ठेवावी, एवढी अक्कल मला आहे. मग नळीच्या तोंडात पंच धरून हलक्या हाताने ठोकत गेलो. तोंड हळूहळू फुललं, गोल, एकसारखं, धोतऱ्याच्या फुलासारखं. मला खरंच वाटलं की माझ्यात बाबांचा हात आहे, इतकी वर्षं दबून राहिला होता. मी भावनाला हाक मारून फोटो काढायला लावला.

तिने फोटो काढला, झूम केला आणि म्हणाली, "पापा, और ये नट अब अंदर कैसे जाएगा?"

नट वाटीत होता. नळीचं तोंड नटाच्या भोकापेक्षा दुप्पट झालेलं. नट आधी ओवायचा आणि मग तोंड फुलवायचं, हे शालिग्रामने सांगितलं नव्हतं, कारण शालिग्राम मला बच्च्यापेक्षा बरा समजत होता.

ते टोक कापून टाकलं. दुसऱ्यांदा नट आठवणीने ओवला, उलटा. तेही टोक गेलं. तिसऱ्यांदा सुलटा ओवला, पण मधल्या ठोकाठोकीने तांबं कडक झालं होतं. तोंडाला उभी चीर गेली. नीलिमा मागच्या दारात उभी होती. उद्यासाठी तिने खिरीचं दूध आटवायला ठेवलं होतं.

"सांगून द्या न त्यांले," ती म्हणाली. "वडील आहेत, खाऊन टाकतीन काय?"

"तुले नाही समजत."

"मले सगळं समजते. तुम्हाले नाही समजत."

दुकानदाराने दिलेली हातभर जास्तीची नळी आता बोटभर उरली होती. आणखी एकदा चुकलो तर नळी इंजिनापर्यंत पोचणार नव्हती, आणि रविवारी संध्याकाळी दुसरं दुकान उघडं मिळणं कठीण. मी हातोडी घेऊन बसून राहिलो. खरं सांगतो, रडायला आलं होतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, मागच्या अंगणात, तेलकट पायजम्यात.

"किती ठोकतं बे?" घराला वळसा घालून, भिंतीला हात लावत बाबा माझ्यामागे येऊन उभे होते. "तीन वेळा ऐकलं मी. तिन्ही वेळा तांबं रडलं. इकडे आण."

मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चिरलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, नळी दगडावर टेकवून नखाने वाजवून पाहिली. "कडक आहे. तापवलं नाई?"

"तापवायचं असते?"

त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली, मग चिरलेलं टोक मला कापायला लावलं. मला घेऊन स्वयंपाकघरात गेले. नीलिमाने दुधाचं पातेलं उतरवलं, आणि मी सांडशीने नळीचं टोक गॅसवर धरलं. लाल झालं की सांगायचं, एवढंच माझं काम. लाल झालं तसं ते म्हणाले, "पाण्यात टाक." फस्स् झालं. "लोखंड असं केलं तं कडक होते," बाबा म्हणाले, "तांबं मऊ होते." आम्ही परत अंगणात आलो, त्यांनी मला समोर बसवलं. नट सुलटा ओवून दिला, दोनदा चाचपला.

"आता हात दे," ते म्हणाले. "पंच कसा धराचा ते दाखवतो. तू वाकडा धरतं, आवाजावरूनच समजते."

चालताना बाबा माझा दंड धरतात. हात हातात घ्यायची पद्धत आमच्या घरात नाही. लहानपणीचं काही आठवत नाही, मोठेपणी तर नक्कीच नाही. त्यांनी माझा उजवा हात घेतला, पंच त्यात ठेवला, माझी बोटं एकेक करून त्याच्याभोवती वळवली. आणि थांबले.

पंच काढून बाजूला ठेवला. माझा तळवा उलटा केला आणि त्यावरून अंगठा फिरवला, जसा मघाशी नळीवरून फिरवला होता. बोटांच्या मुळाशी, मनगटाजवळ, अंगठ्याच्या पोटाशी. मग दुसरा हात मागितला. तोही तसाच तपासला.

"सुशील," ते म्हणाले, "हा हात असा कसा?"

 फिटरच्या हाताला घट्टे पडतात, बारा वर्षांत पडायलाच हवे होते, आणि माझा तळवा नुकत्याच जन्मलेल्या पोराचा असावा तसा होता. खोटं बोलायला मी तोंड उघडलं, पण निघालं ते सगळं खरंच निघालं. शालिग्राम, पेट्रोल, सतरंजी, टकटक, बोटांना फासलेलं वंगण. मधे थांबलोच नाही. शेवटी म्हणालो, "आजच्या आधी मी एकही नट खोलला नाही, बाबा. तुम्हाले वाटावं म्हणून करत होतो. की पोरगा तुमच्यावर गेला."

बाबांनी माझे तळवे धरूनच ठेवले. मला वाटलं, आता हात सोडतील, उठून जातील.

"गाडीखाली काय करे मंग?"

"मोबाईल पाहत होतो."

"दर रविवारी?"

"हव."

"काहीच नाई केलं? एक बोल्ट बी नाई?"

"नाही, बाबा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आणि मग जे बोलले ते मी कितीही वर्षं फायली लिहिल्या तरी माझ्या डोक्यात आलं नसतं.

"बारा वर्षं झाले," ते म्हणाले, "मी तिथं बसतो अन् तुहा पाना ऐकतो. मले समजे का याले काही येत नाई, उगाच ठोकते. तरी लागला आहे बिचारा. मले वाटे, ज्या गाडीखाली मी दर रविवारी झोपलो, त्याच गाडीखाली माहा पोरगा झोपून राहिला. रविवारीच. साहेबानं मले झोपवलं, अन् याले म्या. याच्यासाठी शिकवलं होतं तुले? डबल ड्यूट्या केल्या, तुही माय एका लुगड्यावर राह्यली, का तं तुहे हात काळे नाई झाले पाह्यजे. अन् माह्याच हौसेपायी झाले. कितीक वेळा वाटलं सांगून द्यावं, बस कर, विक ते खटारा. पण तू इतका खुशीनं करे. मन नाई झालं."

 म्हणजे बारा वर्षं मी त्यांना आनंद देतो आहे असं समजत होतो आणि दर रविवारी नेमाने त्यांच्या काळजाला पाना लावत होतो. ते मला दुखवू नये म्हणून ऐकत बसायचे, आणि ते ऐकत बसलेत म्हणून मी आणखी जोरात ठोकायचो. मूर्खपणात मला कोणी मागे टाकेल असं वाटत नाही, पण त्या क्षणी माझी मला इतकी लाज वाटली की बाबांसमोर खाली मान घालून बसलो. ते पाहू शकत नव्हते, तरी घातली.

"मंग हात काळे झालेच नाई," बाबा स्वतःशीच म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही तळवे पुन्हा एकदा चाचपले, आणि हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने. हसता हसता डोळे पुसले. भावना धावत आली. "क्या हुआ दादाजी?"

"तुह्या बापाले काही येत नाई," बाबा तिला म्हणाले. "काहीच नाई येत. लय चांगलं झालं."

मग त्यांनी मला बाजूला सरकवलं. पंच स्वतः घेतला. डोळे मिटून, मान कलती करून, सात-आठ हलके ठोके मारले आणि अंगठ्याने तोंड तपासलं. दुसरं टोकही तापवून तसंच केलं. लाटणं मागवून, जुन्या नळीला होता तसा, मधे एक गोल वळसा दिला. गाडी हादरली की धक्का या वळशाने खावा, तोंडाने नाही, म्हणून. मला बॉनेटपाशी उभं करून फक्त 'डावीकडे', 'वर', 'अजून' एवढं बोलायला लावलं आणि दोन्ही नट त्यांनी स्वतः कसले. नीलिमाने तेलाचा डबा धरला. मी खरंच काही केलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची कोणाला अडचण नव्हती. चावी फिरवली तेव्हा ऊन उतरलं होतं. काटा थरथरला आणि चढला.

"किती?" बाबांनी विचारलं.

"पन्नास."

"गरम झाल्यावर चाळीसवर येईन. येऊ दे."

सकाळी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत निघालो. माझा पायजमा नवा होता. जुना नीलिमाने फरशी पुसायला घेतला. टपावर फोटो, फोटोला हार, बाजूच्या सीटवर बाबा. गुढ़ियारीला विहारापाशी 'जय भीम' करत लोक गाडीभोवती जमले. यशवंतराव काठी टेकत आले. ते बाबांच्या शेडमधले, नव्वदीला टेकलेले, आणि त्यांच्यामागे त्यांच्याच वयाचे आणखी दोघे.

"लहानूभाऊ, गाडी टकाटक ठेवली पोरानं," यशवंतराव म्हणाले. "स्वतःच करते म्हणतात."

ही थाप मीच पाऱ्यात पसरवली होती. मी फोटोचा हार नीट करायला वळलो.

"कोण? हा?" बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की ढोलवाला थांबला. "याले पाना कोणत्या बाजूनं धरते ते नाई समजत! काल नळी याच्याच हातानं तुटली, लावली म्या. हा बाबू आहे, बाबू. ऑफिसात बसते, पंख्याखाली. लिहिते." त्यांनी हात पुढे करून हवेत मला शोधलं, मनगट पकडलं आणि माझा तळवा यशवंतरावांपुढे उघडा केला. "हात पाह्य याचा. दाबून पाह्य."

यशवंतरावांनी काठी बगलेत धरली आणि माझा तळवा दाबून पाहिला. मग मागच्या दोघांनी. तिघांचे हात खडबडीत, बोटं वाकलेली, एकाची दोन बोटं नव्हतीच. सगळा पारा पाहत होता आणि मी पांढऱ्या कपड्यांत हात पुढे करून उभा होतो. कोणी हसलं नाही. तिघेही मान हलवत होते, शेडमधून काम पास झाल्यावर हलवत असतील तशी.

"लोण्यासारखा आहे," यशवंतराव म्हणाले. मग त्यांचा अंगठा माझ्या तर्जनीच्या मुळाशी अडखळला. तिथे हातोडीने आलेला फोड होता. त्यांनी कपाळाला आठ्या घालून बाबांना विचारलं, "अन् हा कायचा, लहानू?"

बाबांनी माझा हात त्यांच्याकडून काढून घेतला, फोड चाचपला आणि हात स्वतःच्या हातात झाकून घेतला.

"कालचा आहे," ते म्हणाले. "चार दिवसांत जाईन तो."